बचत गटाची वही लिहिणारी मुलगी

पत्र

ताई, नमस्कार.

मी बार्शीची. मिस्टर एसटीत वाहक आहेत, मी घरी शिवणकाम करते. मोठी मुलगी 21 वर्षांची, पुण्यात वसतिगृहात राहून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला बँकेच्या परीक्षा द्यायला सांगतोय, पण तिच्या डोक्यात ‘सामाजिक उद्योजक’ व्हायचं बसलंय. तिच्या मामाच्या गावच्या बायका तूर व्यापाऱ्याला विकतात आणि दोन महिन्यांनी किराणा दुकानातून महागाची डाळ आणतात. तिथे बायकांची डाळ मिल काढायची असं ती म्हणते. मी नाही म्हणत नाही, पण मुलगी फार बुजरी आहे. चार माणसांत उभं राहिली की आवाज कापतो. कॉलेजात एका शिबिरात तिला तोंडावर सांगितलं की तुझ्यात लीडरशिप नाही, तू नोकरीच बघ. तेव्हापासून गप्प गप्प असते. ताई, हा स्वभाव जन्मातच लागतो का? आणि नसेल तर शिकून येतो का? कोणतं शिक्षण द्यावं?

ता.क. आमच्या गल्लीतल्या बचत गटाची वही ती दहावीपासून लिहिते. पुण्याला गेली तरी महिन्यातून एकदा येऊन लिहून जाते. मागच्या वर्षी तिनं बैठकीची तारीख 5 ची 12 करायला लावली, त्यावरून अध्यक्षबाईंशी थोडं वाजलं. दर महिन्याला त्याच चार-पाच जणींना उशिराचा दंड बसायचा. ही म्हणाली, त्या दूध घालतात, त्यांचा डेअरीचा पगार 10 तारखेनंतर हातात येतो. आता दंड कुणालाच बसत नाही.

— एक आई, बार्शी

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ता.क. म्हणून शेवटी लिहिलीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

मी वीस वर्षं बचत गटांबरोबर काम केलं. वही लिहिणारी बाई कशी बसते ते डोळ्यांपुढे आहे. अध्यक्ष, सचिव सतरंजीच्या मध्यभागी, आणि ही भिंतीला पाठ टेकून, मांडीवर ती लांब वही, पदराच्या टोकाशी शाईचा पॅड. कुणाचा अंगठा, कुणाची सही. तिला कुणी हार घालत नाही, पण सगळ्या गल्लीचं खरं चित्र तिच्या मांडीवर असतं. कुणी कानातलं मोडून हप्ता भरलाय, कुणाच्या नावावर नवऱ्यानं कर्ज उचललंय, कोण व्याज देते पण मुद्दल हलत नाही, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. आणि कळलेलं पोटात ठेवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या महिन्यात गट फुटतो. रात्री साडेनऊला दार वाजतं, बाहेर उभी असलेली बाई हळूच विचारते, “माझं किती राहिलं गं?” हा प्रश्न ती अध्यक्षबाईंना विचारत नाही. वही लिहिणारीला विचारते.

तुमची लेक दहावीपासून हे करते आहे. पाच-सहा वर्षं.

आता त्या तारखेचं बघा. चार-पाच बायकांना दर महिन्याला दंड बसत होता. बाकीच्यांना वाटत असणार की या बेफिकीर आहेत, यांना शिस्त नाही. दयाळू माणूस असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, गरीब आहेत, दंड माफ करा. कडक माणूस असता तर दंड वाढवला असता. तुमच्या मुलीनं दोन्ही केलं नाही. तिनं वहीतली तारीख आणि डेअरीच्या पगाराची तारीख शेजारी शेजारी ठेवली आणि दोष बायकांचा नाही, बैठकीचा आहे हे ओळखलं. मग ती नुसती बोलून थांबली नाही, अध्यक्षबाईंचा राग ओढवून घेऊन तारीख बदलून घेतली. आणि पुढे दंड बंद झाला की नाही यावर लक्षही ठेवलं. ताई, सामाजिक उद्योजकता म्हणतात ती हीच. त्रास कशानं होतो ते शोधायचं, त्याला कारण असलेली व्यवस्था बदलायची, आणि बदलल्यावर फरक पडला का ते मोजायचं. बाकी सगळा त्याचा विस्तार.

शिबिरात तिला जे सांगितलं गेलं ते मनातून पुसायला तुम्ही मदत करा. अर्ध्या दिवसात कुणाचा आवाज मोठा आणि कोण पुढे येऊन बोलतं एवढंच दिसतं, वही दिसत नाही.

तुम्ही विचारता, स्वभाव जन्मातच लागतो का. यावर अभ्यास झालेले आहेत. मलेशियातल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सामाजिक उद्योगाकडे ओढा असण्याशी सगळ्यात ठळक नातं दिसलं ते मनमिळाऊपणाचं, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेण्याचं, सांभाळून घेण्याचं. कोपनहेगनचे प्राध्यापक काई हॉकर्ट्स यांनी 2017 मध्ये वेगळ्या बाजूनं पाहिलं. त्यांना दिसलं की ज्यांनी तो सामाजिक प्रश्न आधी जवळून अनुभवलेला असतो, त्यांच्यात हे करण्याची इच्छा जास्त असते. शिवाय ‘मला हे जमेल’ असा स्वतःवरचा भरवसा आणि आजूबाजूच्या माणसांचा आधार या दोन गोष्टींचं वजन मोठं असतं. हे अभ्यास इच्छेचे आहेत, यशाचे नाहीत, हे लक्षात ठेवूनच मी सांगते आहे. पण त्यातली एकही गोष्ट व्यासपीठावरच्या भाषणाची नाही. आणि ‘मला जमेल’ हा भरवसा जन्माला येताना कुणीच घेऊन येत नाही. छोटी गोष्ट करून पाहिली, जमली, की तो येतो. तिला बारा तारखेनं तो थोडा दिलाच होता. शिबिरानं काढून घेतला.

आधाराच्या मुद्द्याकडे मी नंतर येते, कारण तो तुमच्याशी संबंधित आहे.

तुमच्यापासून फार लांब नाही, साताऱ्यातल्या माण तालुक्यात म्हसवड आहे. तिथे काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे कांताबाई नावाची एक बाई आली. रस्त्यावर भट्टी लावून लोखंडाचं काम करायची आणि रस्त्यावरच राहायची. तिला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. बँकेनं खातं उघडून दिलं नाही, रक्कम फार लहान म्हणून. चेतनाताईंनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चेतनाताई निराश होऊन परतल्या, पण बायकांनी हाय खाल्ली नाही. त्या म्हणाल्या, आम्ही शिकतो. काही महिन्यांनी बायकाच अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं, पण हिशोब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे या मंडळींनी गावातल्या बायकांसाठी व्यवसाय शिकवणारी शाळाही काढली.

मला या गोष्टीत एक बारीक गोष्ट नेहमी थांबवते. पहिला अर्ज घेऊन चेतनाताई गेल्या होत्या. त्या मुंबईत शिकलेल्या, चळवळीत तयार झालेल्या. परवाना मिळाला तो मात्र त्या बायका स्वतः बोलल्यावर. तुमच्या मुलीला चार माणसांत बोलता येत नाही म्हणता, तर तिनं बोलायचंच असं कुणी ठरवलं? ज्यांचा प्रश्न आहे त्या बायकांना ती बोलायला पुढे करू शकते, आणि हे करणारी माणसं फार थोडी असतात. बोलघेवड्या माणसांना ते बहुतेक वेळा जमतच नाही. सगळे गुण एकाच अंगात लागत नाहीत हेही आपल्याकडे जुनंच आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी साखर कारखान्याचे शेअर्स गोळा करायला गावं पालथी घातली, आणि अर्थशास्त्राची बाजू धनंजयराव गाडगिळांनी धरली. 1950 च्या अखेरीस पहिला हंगाम सुरू झाला. दोघांपैकी एकानं दोन्ही कामं केली असती तर कारखाना उभा राहिला असता असं मला वाटत नाही. तुमच्या मुलीला एक बोलकी मैत्रीण किंवा मामाच्या गावातली एखादी खणखणीत आवाजाची बाई सोबतीला मिळाली की झालं.

मग स्वभावातल्या कोणत्या गोष्टींची काळजी करायची? बुजरेपणाची नाही. मला भीती वाटते ती तीन प्रकारच्या माणसांची. ज्याला रोज कौतुक लागतं, कारण गावातल्या कामात पहिली दोन वर्षं कौतुक नसतं, नुसते संशय असतात. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण त्याचं भांडवल उधारीत जातं. आणि ज्याला चूक झाली असं तोंडानं म्हणता येत नाही. यातली दुसरी गोष्ट तुमच्या मुलीत आहे का ते तुम्ही बारकाईनं बघा. शांत, मनमिळाऊ मुलींमध्ये ती पुष्कळदा असते. माझ्यात होती, आणि त्याची किंमत दुसऱ्या बायकांनी मोजली.

ते सांगते. सुरुवातीच्या काळात आम्ही आठ बायकांनी मिळून चटण्यांचा उद्योग काढला. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची. चव इतकी चांगली होती की पहिल्या महिन्यात माल पुरला नाही. दुकानदार म्हणायचे, ठेवून जा ताई, खपला की पैसे देतो. मी ‘नाही’ म्हणू शकले नाही. दिवाळीत एका दुकानात गेले तर आमची पाकिटं वरच्या फळीवर, उन्हात, तेल सुटून पुडा ओला झालेला. पैसे मिळाले नाहीत, माल परत घ्यावा लागला. त्याहून मोठी चूक मी हिशोबात केली होती. बायका दुपारी चार-चार तास कुटत बसायच्या, ती मजुरी मी किमतीत धरलीच नव्हती. घरचंच तर काम आहे, असं मला वाटलं. चौदा महिन्यांनी उद्योग बंद केला तेव्हा आमच्या वहीत थोडा नफा दिसत होता, आणि प्रत्यक्षात आठ जणींनी वर्षभर फुकट काम केलं होतं. त्यातली एक मला म्हणाली, “ताई, मी खुरपायला गेले असते तर दोनशे तरी आले असते.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो नसल्यामुळेच मला ते आजही लागतं.

म्हणून डाळ मिलच्या गोष्टीला लागण्याआधी तिला हा हिशोब करायला सांगा. आकडे मी समजुतीसाठी धरते, खरे तिनं बाजारातून आणावेत. समजा तूर 70 रुपये किलो. 100 किलोचे 7,000. लहान मिलवर 100 किलो तुरीची साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, आपण 72 धरू. निवडणं, भिजवणं, वाळवणं, भरडणं यांची बायकांची मजुरी 600. वीज आणि यंत्राची झीज 250. पिशव्या आणि लेबलं 250. वाळवणात आणि निवडण्यात जाणारं 100, टेम्पोभाडं 100. झाले 8,300. भागिले 72, म्हणजे एक किलो डाळ घरात 115 रुपये 28 पैशांना पडली. ती सोसायटीत, ओळखीत, रोखीनं 125 ला गेली तर क्विंटलमागे 700 उरतात. दुकानदारानं 110 ला मागितली आणि संकोचानं हो म्हटलं, तर 380 रुपये खिशातून गेले, वर उधारी. चुनी आणि टरफल बायका आपापल्या जनावरांना नेतील, ते वेगळं लिहायचं, पण लिहायचं. बी.कॉम.च्या मुलीला हे एका पानात जमेल. पान भरल्यावर तिला दिसेल की या उद्योगाचा जीव यंत्रात नाही, 110 आणि 125 मधल्या 15 रुपयांत आहे. यंत्राचं म्हणाल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल अनेक गटांनी घेतली आहे. चालू असलेल्या दोन ठिकाणी तिनं जाऊन बसावं, आणि बंद पडलेल्या एका ठिकाणी तर नक्कीच जावं. बंद पडलेली जास्त शिकवते.

आता शिक्षण. तुमच्या मनात आधी पदवी, मग एमबीए, मग उद्योग अशी पायरी असेल तर मी ती उलटी करायला सांगेन. बी.कॉम. पूर्ण होऊ द्या, ते उपयोगाचं आहे. त्यानंतर लगेच पुन्हा वर्गात नको. एक-दोन वर्षं गावात काढू द्या आणि मग शिकायचं असेल ते शिकू द्या. प्रश्न घेऊन वर्गात गेलेली मुलगी आणि प्रश्नाशिवाय गेलेली मुलगी, दोघींना एकच प्राध्यापक वेगळं शिकवून जातो.

ही माझी नवी कल्पना नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये काढली, पण त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी फिरले होते. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून लोखंडी नांगर विकायचा, म्हणजे त्याची भीती, त्याची ऐपत, त्याचा हंगाम सगळं कळायला लागतं. तेच पुढे वसतिगृह चालवताना कामी आलं. मुठीमुठीनं धान्य गोळा करायचा मुष्टिफंड, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना, या गोष्टी वर्गात बसून सुचणाऱ्या नाहीत. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं मोडलं ते विसरून या कामाचा हिशोब कुणी मांडू नये. पडद्यामागे कुणीतरी किंमत मोजतं. तुमच्या घरात ती कोण आणि किती मोजणार, हे आधी मोकळेपणानं बोला.

पुण्यात आहे तोवर तिनं शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहून यावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया हातानं शिकतात आणि शिकता शिकता गावाला ती सेवा पैसे घेऊन देतात. पैसे घेणं इथे महत्त्वाचं आहे. ज्या कामाचे कुणी आनंदानं पैसे देतो, ते काम खरंच हवं आहे हे कळतं. पदवीनंतर एखादी फेलोशिप मिळाली तर चांगलंच. स्टेट बँकेची ‘यूथ फॉर इंडिया’ 13 महिन्यांची असते, खेड्यात राहून काम करायचं आणि खर्चाला पैसेही मिळतात, त्यामुळे तुमच्यावर बोजा पडत नाही. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम आहे, तिथे तिच्यासारखीच, आयुष्याचं काय करायचं हा प्रश्न पडलेली तरुण मुलं भेटतील. बुजऱ्या मुलीला आपल्यासारखे आणखी वीस जण आहेत हे दिसणंसुद्धा औषध असतं. त्यानंतरही शिकावंसं वाटलं तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत 2007 मध्ये सामाजिक उद्योजकतेचं एम.ए. सुरू झालं. आणंदची ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था डॉ. वर्गीस कुरियन यांनी 1979 मध्ये स्थापन केली, आता ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठात आली आहे. सहकार आणि दूध-शेतमालाचं व्यवस्थापन शिकायला नाव मोठं, फीसुद्धा मोठी. कर्ज काढून तिथे घालायची घाई आत्ता करू नका.

शिक्षणाबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं, ते पुण्याच्या कचरावेचक बायकांचं. नव्वदच्या आसपास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या काही जणी वस्त्यांमध्ये कचरावेचकांपर्यंत पोचल्या. शिकवायला गेल्या होत्या. बायकांशी बोलता बोलता लक्षात आलं की त्यांना त्या घडीला अक्षरापेक्षा वेगळं काही हवं आहे. चोर समजून हाकललं जाऊ नये म्हणून ओळखपत्र, आणि उकिरड्यात हात घालण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला कोरडा कचरा. 1993 मध्ये डॉ. बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची संस्था निघाली, आणि 2008 पासून ती महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तुमची मुलगी पुण्यात राहते, वसतिगृहाच्या दारात सकाळी येणारी बाई कदाचित त्यांच्यातलीच असेल. शिक्षिका जे शिकवायला गेल्या ते बाजूला ठेवायची तयारी त्यांच्यात होती, म्हणून हे घडलं. मी याला शिक्षणातली सगळ्यात अवघड परीक्षा समजते: आपण नेलेलं उत्तर खाली ठेवता येतं का?

आणि ताई, हीच परीक्षा तुमच्या मुलीची डाळ मिलच्या बाबतीत होणार आहे.

ती म्हणते, बायका तूर विकतात आणि डाळ विकत घेतात, म्हणून मिल हवी. असेलही. पण त्या तूर काढल्या काढल्या का विकतात हे तिनं विचारलंय का? माझा अनुभव असा की पुष्कळदा घरात दळायचं साधन नाही म्हणून नव्हे, तर पेरणीच्या वेळी दुकानातून खत-बियाणं उधार आणलेलं असतं आणि तो माणूस खळ्यावर येऊन उभा असतो. मुलीच्या लग्नाची तारीख धरलेली असते. किंवा साठवायला जागा नसते, किडे लागतात. तसं असेल तर मिल आणली तरी मिलपर्यंत तूर पोचणारच नाही, ती खळ्यावरूनच जाईल. मग उपाय यंत्र नाही, वेळ हा आहे. बाजार समित्यांमार्फत राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना असते. तूर गोदामात ठेवायची, तिच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, भाव आल्यावर विकायचं. सहा महिन्यांच्या मुदतीची ही योजना गावातल्या बायकांना बहुधा माहीत नसते, कारण सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि बाजार समितीत ऊठबस पुरुषांची. ती वाट बायकांना खुली करून देणं हा डाळ मिलपेक्षा मोठा उद्योग होऊ शकतो. किंवा दोन्ही लागतील, आधी ते आणि मग हे. मला माहीत नाही. तिलाही अजून माहीत नाही. दंडाच्या मागे दुधाचा पगार होता, तसं या तुरीच्या मागे काय आहे ते बघायचं.

संस्था कोणती नोंदवायची, हा प्रश्न ती लवकरच विचारेल, तर एवढंच. कंपनी कायद्यातल्या कलम 8 ची, म्हणजे ना-नफा कंपनी काढली तर देणग्या मिळवणं सोपं, पण नफा सभासदांना वाटता येत नाही. बायकांना डाळीतला वाटा हवा असेल तर उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था. उत्पादक कंपनीला किमान 10 उत्पादक लागतात. पण पहिलं वर्ष बचत गटाच्या नावावर काढावं. नोंदणीच्या कागदांत सहा महिने घालवलेले आणि एक पिशवी डाळ न विकलेले मी फार पाहिलेत.

आता तुमच्याविषयी. मघाशी म्हटलं की आजूबाजूच्यांचा आधार ही फार मोठी गोष्ट असते. घरच्यांचा आधार म्हणजे ‘तुला हवं ते कर’ एवढं म्हणणं नव्हे. मुलीला मुदत द्या. दोन वर्षं म्हणा. त्या दोन वर्षांत बँकेच्या परीक्षेचा विषय जेवणाच्या ताटावर काढायचा नाही, आणि स्थळं बघायचीच असतील तर आधी तिच्याशी बोलायचं, पाहुण्यांशी नंतर. दोन वर्षांनी सगळ्यांनी बसून वही उघडायची. तिनं स्वतःसाठी थोडा का होईना पगार घ्यायलाच हवा, पहिल्या महिन्यापासून, आणि तो खर्चात लिहायला हवा. समाजाचं काम म्हणून मुलीनं फुकट राबायचं, हे मी कुणाच्याच घरात चालू देणार नाही. मिस्टरांना काळजी वाटणं स्वाभाविक आहे. एसटीतल्या माणसाला पगार वेळेवर न येण्याचे दिवस माहीत असतात. त्यांना बाजूला बसवून तो डाळीचा हिशोब दाखवा. रोज तिकिटांचा हिशोब जुळवल्याशिवाय घरी न येणारा माणूस आहे, त्यांना त्यातल्या चुका तुमच्या-माझ्या आधी दिसतील. मुलीच्या कामात बापाला शिरायला याहून चांगली वाट नाही.

तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. तेव्हा तिला आठ दिवस मामाकडे पाठवा. तिथे तिनं भाषण करायचं नाही, मिलचं नाव काढायचं नाही. एक नवी लांब वही घ्यायची, तुमच्या गटाच्या वहीसारखीच. पहिल्या पानावर वीस बायकांची नावं. प्रत्येकीपुढे चार रकाने: गेल्या वर्षी तूर किती झाली, कोणत्या तारखेला विकली, काय भावानं, आणि त्याच आठवड्यात का. चौथा रकाना मोठा ठेवायला सांगा, त्यात लिहायला जागा लागेल. मामींना आधी फोन करून ठेवा. बायका दिवसभर रानात असतात, दुपारी कुणी भेटणार नाही. संध्याकाळी धारा काढून झाल्या की चूल पेटेपर्यंत ओट्यावर थोडा वेळ टेकतात. तिनं तेव्हा जावं, आणि मांडीवर वही घेऊन भिंतीला टेकून बसावं. ते तिला येतं.

तुमची,
ताई